मीडियम फॉरमॅट टिल्ट-शिफ्ट घेण्याआधी फुटाळ्यावर एक सकाळ

कॅटलॉगातले आकडे वाचून लाखांचा निर्णय घेऊ नका. फुजीफिल्म जीएफएक्स (मोठ्या सेन्सरचा, म्हणजे मीडियम फॉरमॅट कॅमेरा) आणि ३० मिमी टिल्ट-शिफ्ट लेन्स (जी तिरकी करता येते, तो टिल्ट, आणि बाजूला सरकवता येते, ती शिफ्ट) एक दिवस भाड्याने घ्या, ट्रायपॉड लेव्हल करून नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर लावा.

१. अॅपर्चर एफ/११, फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअल.
२. डावीकडे १५ मिमी शिफ्ट करून एक फोटो, उजवीकडे १५ मिमी करून दुसरा. दोन्ही जोडल्यावर सेन्सरच्या ४३.८ मिमीऐवजी ७३.८ मिमी रुंद फ्रेम मिळते. कोपरे १०० टक्के मोठे करून बघा. खरी परीक्षा तिथेच.
३. मग टिल्ट थोडा थोडा वाढवत जवळचा दगड आणि पलीकडचा काठ एकत्र शार्प करा.

जवळ उंच झाड असेल तर टिल्ट जपून, शेंडा धूसर होतो.