स्मरण उपासनेत वडिलांबद्दल चार मिनिटं बोलायचंय? आधी त्यांच्या बिगाऱ्यांना भेटा

पप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी चर्चच्या पाळकांचा फोन आला, रविवारी स्मरण उपासना ठेवलीय, कुटुंबातर्फे कोणीतरी चार मिनिटं बोला. थोरला म्हणून ते माझ्याकडे आलं. रात्री वही घेऊन बसलो आणि लिहिलं काय, तर पप्पा प्रेमळ, कष्टाळू आणि प्रार्थनाशील होते. बस, पुढे पेनच चालेना. कारण हेच तीन शब्द आमच्या नगरात, म्हणजे अहमदनगरात (आताचं अहिल्यानगर), प्रत्येक शोकसभेत ऐकलेत, आयुष्यात फक्त ख्रिसमसला चर्चमध्ये दिसलेल्या माणसाबद्दलसुद्धा.

म्हणून पहिलं सांगणं हेच, लगेच लिहायला बसू नका, आधी विचारत फिरा. आणि सुरुवात नातेवाइकांपासून करू नका, नातेवाईक रडतात आणि "देवमाणूस होता रे" म्हणतात, त्यातून हाती काही लागत नाही. पप्पा गवंडी होते, मग मी त्यांच्या साइटवरच्या लोकांना गाठलं. "पप्पा कसे होते?" असं विचारायचंच नाही, उत्तर ठरलेलं असतं. विचारायचं, तुम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय बांधलं, पप्पा कशावरून चिडायचे, जेवायला कुठे बसायचे. एक बिगारी मावशी, वीस वर्षं त्यांच्या हाताखाली घमेलं उचललेली, ती म्हणाली, "मिस्त्री शनिवारी आमचा हिशोब केल्याशिवाय घरी जायचे नाहीत, मालकानं पैसे दिले नसले तर स्वतःच्या खिशातून, नाहीतर कोणाकडून तरी उसने आणून." मला हे माहीतच नव्हतं! आम्हाला घरी एवढंच दिसायचं की शनिवारी पप्पा उशिरा येतात आणि आई भाकरी झाकून वाट बघते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको असं बायबलमध्ये लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, ते त्यांनी कधी आम्हाला वाचून दाखवलं नाही, फक्त पाळलं. माझी अर्धी साक्ष, म्हणजे ते चार मिनिटांचं बोलणं, तिथेच तयार झाली. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून, आणि फोन चहाच्या कपाशेजारी ठेवून विसरून जा, समोर धरलात की म्हातारी माणसं भाषण करायला लागतात.

मग तारखा. इथे लोक हमखास फसतात, शाळेचा दाखला बघतात आणि जन्मतारीख १ जून लिहून मोकळे होतात. त्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण गुरुजी शाळेत नाव घालताना तीच टाकायचे. आपल्याकडे सोय आहे, चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही. त्यात बऱ्याचदा खरी जन्मतारीख सापडते, आईवडिलांची नावं आणि गावही. फक्त एक लक्षात ठेवा, उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, १९७० साली झाली, त्याआधीच्या वह्यांवर जुन्या मंडळीचं किंवा मिशनचं नाव असतं, तेव्हा "आमच्या चर्चची वही नाहीये" म्हणून परत येऊ नका, कपाट नीट उघडायला सांगा. नगरात अमेरिकन मिशनचं काम १८३१ पासूनचं आहे, कागद खूप आहेत, धूळही खूप आहे. पप्पांचा जन्मदिवस निघाला ऑक्टोबरातला. सत्तर वर्षं चुकीच्या दिवशी केक कापला!

आता लिहिणं. चार मिनिटं म्हणजे साधारण साडेचारशे शब्द, जास्त नको, तुमच्यानंतर उपदेश आहे आणि मागे प्रीतिभोजनाचा मसालेभात गार होतोय. जन्मापासून सुरू करू नका, एका प्रसंगापासून करा. मी बहात्तरच्या दुष्काळापासून केली, पप्पा तेव्हा पोरगे होते, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे, तिथेच एका म्हाताऱ्या गवंड्यानं हातात थापी दिली. मग लग्न, आम्ही तिघं, आणि रविवार. रविवारबद्दल "नियमित चर्चला जायचे" एवढंच लिहू नका, काय करायचे ते लिहा. पप्पा पंधरा मिनिटं आधी जाऊन सतरंज्या झटकायचे, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे, नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती गीतं वही न बघता म्हणायचे आणि सूर मात्र दरवेळी वरचा लावायचे, पेटीवाल्याला त्रास.

दोष लिहावा का? एखादा, हलका. पप्पा तापट होते, ओळंब्यात नसलेली, म्हणजे सरळ उभी नसलेली भिंत दिसली की पाय लावून पाडायचे, ओली असताना. हे बोललो तेव्हा मागच्या बाकावरचे सगळे मिस्त्री हसले, तिथेच मला कळलं की माणूस बरोबर पकडलाय. भावकीतली भांडणं, उधारी, शेवटच्या आजारपणातले हाल मात्र नको, आई समोर बसलेली असते.

वचन निवडताना घाई करू नका. तेविसावं स्तोत्र आणि "धाव संपवली आहे" सगळेच घेतात, घ्या, चूक काहीच नाही. मी हुशारी करून बायबलच्या आमोस पुस्तकातला ओळंबा घेणार होतो, पाळक म्हणाले, अरे बाबा, तिथे देव इस्राएलावर रागावलाय, सांत्वनाचं नाहीये ते. मग स्तोत्र १२७ घेतलं, परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ, गवंड्याला शोभतं आणि पहिल्याच ओळीत आहे.

फोटोंचं वेगळं दुखणं. कामावरचा फोटो नसतोच, सगळे लग्नातले, सफारी घालून ताठ उभे. मग मी त्यांनी बांधलेल्या भिंतींचे फोटो काढले, विहिरीचा कठडा, शाळेची कंपाउंड वॉल, आमचंच घर. अल्बमला चिकटलेले जुने फोटो ओढून काढू नका, खिडकीजवळ दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून मोबाईलनं घ्या. त्यांची मापाची वहीही जपा, पप्पांच्या वहीत ब्रासचे (वाळू-खडी मोजायचं माप) हिशोब आणि मध्येच आमच्या शाळेच्या फिया लिहिल्यात.

वाचताना कागद मोठ्या अक्षरात छापा आणि दुसरी प्रत बहिणीकडे द्या, कारण गळा दाटतोच, मग तिनं पुढचं वाचायचं. माझं तिसऱ्या परिच्छेदाला झालं.

नंतर एक प्रत चर्चच्या ऑफिसात ठेवली, एक आईच्या बायबलमध्ये. बिगारी मावशीला वाचता येत नाही, म्हणून तिला व्हॉइस नोट पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "सगळं बरोबर हाय, पण ती भिंत पायानं न्हाय, टिकावानं पाडली व्हती, मी तिथंच हुते."