सत्राचा पहिला आठवडा: या चुका टाळा, हेलपाटे वाचतील

शहरातल्या विद्यापीठात सुट्टी संपली की पहिले काही दिवस नुसती झुंबड उडते. लिफ्टसमोर, ग्रंथालयाच्या दारात, बसथांब्यावर, कार्यालयाच्या खिडक्यांवर. सगळे एकच काम एकाच वेळी करायला निघतात, त्यामुळे खोळंबा होतो. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ यातच आहे.

पहिल्याच सकाळी खिडकी गाठणं

ओळखपत्र, शुल्क, दाखला, काहीही असो, पहिल्या सकाळी रांग लावायची घाई नको. रांगांचं गणित डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ पासून टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं, ते इथेही लागू पडतं. माणसं आपापल्या वेळी येतात आणि प्रत्येकाला सरासरी ५ मिनिटं लागतात असं धरा. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल, तर साध्या हिशेबाने रांगेत सरासरी २० मिनिटं जातात. तीच ९० टक्के वेळ कामात असली की ४५ मिनिटं! म्हणजे गर्दी थोडीशी ओसरली तरी ताटकळणं निम्म्याहून कमी होतं. मुदत जवळ नसेल तर काम दोन-तीन दिवस पुढे ढकला. मूळ कागद आणि प्रती दोन्ही सोबत घ्या. एका प्रतीपायी पुन्हा शेवटी उभं राहावं लागलं की खरोखर रडू येतं.

वायफायचा पासवर्ड बदलून मोकळं होणं

ही चूक सगळ्यात जास्त छळते, कारण ती दिसत नाही. सत्राच्या सुरुवातीला तुम्ही लॅपटॉपवर पासवर्ड बदलता, सगळं नीट चालतं. थोड्या वेळाने खातं लॉक. मदतकक्षाकडून उघडून घेता, पुन्हा लॉक. पासवर्ड तर बरोबर असतो! दोषी असतो बॅगेतला टॅबलेट किंवा जुना फोन. त्यात जुना पासवर्ड साठवलेला असतो आणि नेटवर्क दिसलं की तो गुपचूप तोच पाठवत राहतो. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपली की यंत्रणा खातं बंद करते. म्हणून पासवर्ड बदलण्याआधी प्रत्येक उपकरणावरून ते नेटवर्क काढून टाका, मग बदला आणि एकेक करून नव्याने जोडा.

एडुरोम (अनेक विद्यापीठांत चालणारं सामाईक वायफाय) वापरत असाल तर वापरकर्ता नावानंतर @ आणि संस्थेचं डोमेन हवंच. ते नसलं तर दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर जोडणी होत नाही, कारण तुमची चौकशी कोणत्या संस्थेकडे करायची हे त्या डोमेनवरूनच ठरतं. भरलेल्या व्याख्यानगृहात जोडणी होऊनही काही उघडत नसेल, तर बहुधा एकाच ॲक्सेस पॉइंटवर (वायफाय पुरवणाऱ्या डबीवर) फार माणसं आहेत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन मिळतात. म्हणून फोन ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाकता आला तर टाका आणि वाचायचं साहित्य आधीच उतरवून ठेवा.

वेळापत्रकाचा जुना स्क्रीनशॉट

नोंदणीचे आकडे हलतात तसे पहिल्या आठवड्यात वर्ग बदलतात. रोज सकाळी ऑनलाइन वेळापत्रक पाहा. खोलीच्या क्रमांकावरून मजला ओळखताना तळमजला शून्य धरलाय की एक, हेही बघून ठेवा. दोन-तीन मजल्यांसाठी जिना बरा. लिफ्टशिवाय ज्यांना वर जाताच येत नाही, अशी मुलं दर तासाला दारात अडकलेली असतात. जमत असेल त्याने जागा सोडावीच.

प्रतीक्षा यादीत नाव म्हणून वर्गाला न जाणं

हे पाहून फार वाईट वाटतं. याच दिवसांत लोक विषय बदलतात, जागा सुटतात, आणि जागा मिळते तेव्हा पहिली दोन व्याख्यानं हुकलेली असतात. प्राध्यापकांना विचारून बसा. विषय बदलण्याची शेवटची तारीख आजच लिहून ठेवा. ती उलटल्यावर विषय सोडला तर बऱ्याच ठिकाणी तशी नोंद गुणपत्रकावर राहते.

ताप अंगावर काढणं

कोंदट, भरलेल्या खोल्यांत सर्दी-ताप झपाट्याने पसरतो. खिडक्या उघडायला सांगा, लाजू नका. फ्लूची लस घ्यायची असेल तर आधीच घ्या, संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. अंग तापलं असेल तर घरी थांबा आणि टिपणं मैत्रिणीकडून मागून घ्या.