आरपीजीमध्ये स्क्रीनच्या इंडिकेटरना नावं कशी द्यायची

जुना आरपीजी (आयबीएम आय मशीनवरची प्रोग्रामिंग भाषा) प्रोग्राम उघडला की सगळीकडे *आयएन४०, *आयएन४१, *आयएन७२ अशी इंडिकेटर, म्हणजे नंबर दिलेले ऑन-ऑफ स्विच, आणि ७२ म्हणजे नक्की काय हे कळायला डिस्प्ले फाइलचा डीडीएस (स्क्रीनची मांडणी लिहिलेला सोर्स) शेजारी उघडून बसायचं. हे थांबवता येतं, प्रोग्राम नव्याने लिहायचीही गरज नाही.

आधी डीडीएसमध्ये फाइल लेव्हलला, म्हणजे पहिल्या रेकॉर्ड फॉरमॅटच्या (स्क्रीनच्या एका भागाची मांडणी) वर, इंडारा कीवर्ड टाका. त्याने इंडिकेटर रेकॉर्डच्या बफरमधून निघून ९९ बाइटच्या वेगळ्या एरियात जातात. फाइल कंपाइल करा, ती वापरणारे बाकीचे प्रोग्रामही करून घ्या.

मग आरपीजीत फाइल डिक्लेअर करताना आयएनडीडीएस लिहून डेटा स्ट्रक्चरचं नाव द्या आणि त्यात एकेक इंडिकेटर सबफील्ड टाका, पोझिशन ३ म्हणजे इंडिकेटर ०३, पोझिशन ४० म्हणजे ४०. एवढं केलं की त्या फाइलचा *आयएन अ‍ॅरेशी (नंबरांच्या इंडिकेटरची यादी) संबंध तुटतो, म्हणून अर्धा कोड नावांवर आणि अर्धा नंबरांवर ठेवू नका, *आयएन४० ऑन कराल आणि स्क्रीनवर काहीच हलणार नाही, एररही येणार नाही, शोधत बसाल.

आता नावं. ०१ ते २४ फक्त फंक्शन कीजना द्या, एफ३ ला ०३, एफ१२ ला १२, आणि नावात की आणि काम दोन्ही येऊ द्या: एफ३_एक्झिट, एफ१२_कॅन्सल. फील्डसाठी आधी फील्डचं नाव, मग परिणाम: कस्टनंबर_एरर, कस्टनंबर_प्रोटेक्ट. नुसतं एरर१, एरर२ असं लिहिलं तर नंबरच बरे होते! नकारार्थी नावं तर अजिबात नकोत, 'नॉट_प्रोटेक्ट ऑफ असेल तर' हे रात्री अकराला प्रॉडक्शनचा कॉल आल्यावर कोण वाचणार?

सबफाइलसाठी (स्क्रीनवरची स्क्रोल होणारी यादी) डीडीएसचे कीवर्डच नाव म्हणून घ्या, एसएफएलडीएसपी (यादी दाखवा), एसएफएलडीएसपीसीटीएल (यादीचा कंट्रोल रेकॉर्ड दाखवा), एसएफएलसीएलआर (यादी साफ करा), कारण सगळे तेच बोलतात. इथे नाव असण्याचा फायदा लगेच दिसतो. सबफाइलमध्ये एकही रेकॉर्ड नसताना एसएफएलडीएसपी ऑन ठेवून कंट्रोल रेकॉर्ड दाखवला तर प्रोग्राम रनटाइमला आपटतो, म्हणून ती ओळ 'एसएफएलडीएसपी = (आरआरएन > ०)' अशी लिहा (आरआरएन म्हणजे सबफाइलमधल्या रेकॉर्डचा क्रमांक), वाचणाऱ्याला कॉमेंट लागतच नाही. तेच *आयएन३१ असतं तर डोळ्याखालून निसटलं असतं.

एररची इंडिकेटर आपोआप ऑफ होतील असं धरू नका, व्हॅलिडेशन सुरू करायच्या आधी सगळी ऑफ करा, नाहीतर युजरने नंबर दुरुस्त केला तरी फील्ड लालच.

फंक्शन कीज आणि सबफाइलचे नंबर सगळ्या टीममध्ये एकच ठेवा, कॉपीबुकमध्ये घालून प्रत्येक प्रोग्रामात ते ओढून घ्या, फील्डची इंडिकेटर मात्र स्क्रीनगणिक वेगळी असतात, ती कॉपीबुकमध्ये कोंबू नका. शेवटी सोर्समध्ये *आयएन सर्च करा आणि त्या स्क्रीनचा जो नंबर उरला असेल तो बदलून टाका.