गादीवर बसणाऱ्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

अमळनेरला आमची तिसऱ्या पिढीची सराफी. आठवड्यातून एक-दोनदा जळगावच्या सराफ बाजारातून माल आणायचा, कधी पारोळ्याला तर कधी चोपड्याला पोचवायचा, असं चालतं. माझा शस्त्र परवाना मंजूर झाला तेव्हा घरातल्या सगळ्या पुरुषांकडे सल्ला तयार होता आणि त्यांतल्या एकानेही आयुष्यात चाप ओढलेला नव्हता. पिस्तूलच घे, जास्त गोळ्या बसतात. रिव्हॉल्व्हर म्हाताऱ्यांचं. अण्णा तेवढे एकच वाक्य बोलले, "भो, हाई काय खेळनं शे का?" आणि पुन्हा तराजूकडे वळले.

परवाना कसा मिळतो ते इथे लिहीत बसत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल, हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि भरपूर थांबणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो.

मोबाइलवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले. त्यातली सगळी चर्चा नऊ एमएमभोवती फिरते. आपल्याकडे तो प्रतिबंधित बोर (नळीचं माप), सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. आपल्या वाट्याला येतो तो .३२, म्हणजे बत्तीस बोर. त्यामुळे गोळीच्या ताकदीवरून वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्हीकडे ती जवळपास सारखीच. मात्र एक गोष्ट नवख्याने लक्षात ठेवायची. रिव्हॉल्व्हरलाही बत्तीस म्हणतात आणि पिस्तुलालाही, पण काडतुसं वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरचं लांब, ७.६५ × २३ मिमी आणि पिस्तुलाचं आखूड, ७.६५ × १७ मिमी. बुडावर खडकीच्या कारखान्याचा केएफ हा शिक्का दोन्हीवर सापडेल, म्हणून डबी न वाचता उचलू नका.

आपल्या परवान्याच्या माणसासमोर मुख्यतः सरकारी कारखान्यांचा माल असतो, रिव्हॉल्व्हर कानपूरची. मधून दुमडून उघडणारं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये आलेलं अर्धा किलोच्या आसपास वजनाचं 'निर्भीक', आणि २०२३ मध्ये आलेलं 'प्रबळ', ज्याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, बाजूला उघडतं. पिस्तुलात 'अशनी' आहे, आणखी काही खासगी कंपन्यांचीही मिळतात. मी दुकानात तिन्ही-चारही हातात घेऊन पाहिली आणि दुकानात हातात घेऊन काहीही कळत नाही, एवढंच मला कळलं.

कळलं ते उस्तादांकडे. धुळ्याचे, राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारे. पहिल्या दिवशी त्यांनी पिस्तूल दिलं आणि रिकामं करायला सांगितलं. मी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढून टेबलावर ठेवली आणि ऐटीत म्हणालो, "झालं, उस्ताद." त्यांनी काही न बोलता स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या घरातून, एक डमी (न उडणारं) काडतूस उडून माझ्या चपलेवर पडलं. "हे खरं असतं तर?" मॅगझिन काढली म्हणजे पिस्तूल रिकामं होत नाही. घरात लहान मुलं असणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाही घरं एका नजरेत दिसतात, तिथे फसायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी भरलं. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसता 'खट्'. मी पिस्तुलाकडे बघत उभा राहिलो. आता काय करायचं ते आदल्या दिवशीच शिकवलं होतं: मॅगझिनच्या बुडावर तळवा मारायचा, स्लाइड जोरात ओढायची, पुन्हा नेम. पण हात चालेना. मग रिव्हॉल्व्हरमध्येही तसंच एक डमी घातलं. 'खट्' झालं, मी घाबरून पुन्हा चाप ओढला, पुढचं घर समोर आलं आणि बार उडाला. इथे शिकण्यासारखं काही उरतच नाही.

यावरून लगेच रिव्हॉल्व्हर सोपं म्हणू नका. समजायला सोपं, नेम लागायला अवघड. छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड असतो. मागचा घोडा आधी न चढवता ओढला तर बोटाबरोबर अख्खा पंजा आवळला जातो आणि नळी खाली झुकते. सात मीटरवर माझ्या पहिल्या सहांतल्या दोनच कागदाला लागल्या. त्याच अंतरावर पिस्तुलाने मी बरा होतो. माझा नंदुरबारचा मावसभाऊ पिस्तूल वापरतो, रायफल क्लबला जातो, त्याला खट् झाल्यावर विचार करावा लागत नाही. त्याच्यासाठी तेच योग्य. मी मात्र रिव्हॉल्व्हर घेतलं. माझ्या परवान्यावर एका वेळी पंचवीस आणि वर्षाला पन्नास गोळ्या लिहिल्या आहेत. त्यातल्या काही राखून ठेवल्या तर सरावाला चाळीस-एक उरतात. चाळीस गोळ्यांत अडकलेलं पिस्तूल मोकळं करण्याची सवय हाताला लागत नाही. जड चाप मात्र घरी, दार लावून, डमी काडतुसं घालून रोज दहा मिनिटं ओढता येतो. उस्ताद नळीवर रुपयाचं नाणं ठेवायला लावायचे. तीन महिन्यांनी नाणं पडायचं थांबलं. एक गोळीही खर्च झाली नाही.

आता अंगावर बाळगण्याचं. आपल्याकडे झाकून नेणं ही हौस नाही, नियमच आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. जाकीट घालून हिंडलात तर लोक शस्त्राआधी डोक्याबद्दल शंका घेतील. मी वर्षानुवर्षं पांढरा सुती शर्ट घालायचो. पहिल्याच दिवशी बायको म्हणाली, "अहो, कमरेला काळं काय दिसतंय?" पातळ पांढऱ्या कापडातून काळं होल्स्टर सरळ दिसतं. तेव्हापासून गडद चौकडीचे शर्ट आले, गिऱ्हाइकं अजून चिडवतात.

पिस्तूल चपटं, म्हणून लपायला चांगलं, असं सगळे सांगतात. उभ्या माणसाचं ते खरं आहे. मी दिवसाचे सात तास गादीवर मांडी घालून बसतो. मांडी घातली की पट्टा वर सरकतो आणि पिस्तुलाची लांब मूठ बरगडीत टोचते. खालच्या खणातून डबी काढायला वाकलं की तीच मूठ शर्टाच्या पाठीला तंबू करते. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फुगीर असतं, कमरेला उंचवटा येतो, पण मूठ आखूड आणि गोलसर असल्याने वाकल्यावर बाहेर येत नाही. उंचवटा काय, लोकांना तो मोबाइल वाटतो. मोटारसायकलवर मात्र दोन्ही सारखीच त्रासदायक. साधा पट्टा चालत नाही, होल्स्टरसकट खाली ओघळतो; जाड, ताठ पट्टा घ्या. खिशात किंवा नुसतं कमरेत खोचून कधीच नाही.

सातपुड्याच्या पलीकडून स्वस्तात मिळतं, असं कानात सांगणारा एखादा भेटेलच. त्या गावठी कट्ट्याकडे बघूही नका. तो जवळ असणं हाच गुन्हा, आणि परवानाही हातचा जाईल.

आणखी एक, घामाचं. कातडी होल्स्टर घाम पितं आणि तो लोखंडाला पाजतं. रोज रात्री काढून पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, होल्स्टरबाहेर तिजोरीत ठेवायचं. हे मी शिकलो ते नुकसान करून. २०२४ मध्ये लोकसभेला आणि मग विधानसभेला मला शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. सगळ्यांना येत नाही, छाननी समिती ठरवते. लोकसभेच्या वेळी मी घाईत होल्स्टरसकटच जमा केलं. जूनमध्ये परत आणलं तर सिलिंडरच्या एका बाजूवर तांबूस ठिपके, बोटाला खरखरीत लागणारे. उस्तादांनी ते घासून काढले, पण काळा मुलामा तिथला गेला तो गेलाच. विधानसभेच्या वेळी आधी सहाही घरांत तेल फिरवलं, सुती कापडात गुंडाळलं, होल्स्टर घरी ठेवलं, आणि पावतीवर शस्त्राचा नंबर आणि काडतुसांची संख्या हवालदारांकडून लिहून घेतली. त्यांनी काडतुसं दोनदा मोजली, मी तिसऱ्यांदा मोजली.