समग्र मागणीचा अभ्यास: सूत्राआधी व्यवहार

समग्र मागणी म्हणजे उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निव्वळ निर्यात (निर्यात वजा आयात) यांची बेरीज, हे सूत्र एका बैठकीत पाठ होते. मात्र ठाण्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला हा भाग शिकवताना मी पाहत आलो आहे की, एखादा प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या रकान्यात मांडावा, येथेच विद्यार्थी अडतात. म्हणून प्रत्येक खर्चाला आधी एकच प्रश्न विचारावा: यातून यंदा नवे काही निर्माण झाले का?

घोडबंदर रस्त्यावरील नवी सदनिका गुंतवणुकीत मोडते, उपभोगात नव्हे. नौपाड्यातील जुनी सदनिका विकली गेली, तर तिची किंमत पुन्हा धरली जात नाही. दलालाची दलाली तेवढी यंदाची सेवा म्हणून मोजतात. शेअरखरेदीत केवळ मालक बदलतो. महापालिका शाळेतील शिक्षकाचा पगार हा सरकारी खर्च आहे. लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये मात्र हस्तांतरित देणी (वस्तू वा सेवा न घेता दिलेली रक्कम) असल्यामुळे जमा होताना मोजले जात नाहीत, त्यातून घरात किराणा आला की ते उपभोगात येतात. न्हावा शेवा बंदरात उतरलेली परदेशी वस्तू कुटुंबाने विकत घेतली की ती उपभोगात आधीच मिळवलेली असते, म्हणूनच आयात वजा करावी लागते. आयात देशाला घातक असते म्हणून नव्हे, हा गैरसमज फार चिवट आहे.

समग्र मागणीचा वक्र उतरता का असतो, म्हणजे किंमतपातळी चढली की एकूण मागणी का घटते, याचे उत्तर देताना एका वस्तूच्या मागणीचा नियम येथे आणू नये. कांदा महागला तर ग्राहक दुसरी भाजी घेतो, पण सर्वसाधारण किंमतपातळीच चढली तर वळायचे कोठे? येथे कारणे वेगळी आहेत: हातातील पैशाची क्रयशक्ती घटते, व्यवहारांसाठी अधिक पैसा लागून व्याजदर चढतो व गुंतवणूक आखडते, आणि आपला माल परदेशी ग्राहकाला महाग पडतो.

इतके पक्के झाले की राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची तिमाही आकडेवारी स्वतः वाचावी. एप्रिल ते जून 2020 या तिमाहीचा पहिला अंदाज सरावासाठी उत्तम आहे: स्थूल देशांतर्गत उत्पादन 23.9 टक्क्यांनी, खासगी उपभोग 26.7 टक्क्यांनी आणि स्थिर भांडवलनिर्मिती (इमारती, यंत्रे यांतील गुंतवणूक) 47.1 टक्क्यांनी घटली होती, तर सरकारी उपभोग खर्च वाढला होता. त्याच तिमाहीत निव्वळ निर्यात धन (शून्याहून अधिक) झाली, पण ती निर्यात वाढल्यामुळे नव्हे. देशातील मागणीच कोसळल्याने आयात निर्यातीपेक्षा अधिक घटली होती.