पूर, भूकंप, वादळ येऊन गेल्यावर छोटा धंदा आणि त्याचं कर्ज कसं सांभाळायचं

आपत्ती ओसरली की प्रत्येक जण आधी झाडू घेऊन दुकानात शिरतो, ते साहजिकच आहे. पण खरी पंचाईत शटर उघडल्यानंतर होते, दुकान चकाचक, माल भरलेला, वर नवीन कर्ज, आणि गिऱ्हाईकच नाही कारण त्याचंही घर गेलंय. त्यामुळे या लेखात साफसफाईपेक्षा पैशाबद्दल जास्त बोलू, आणि पैसे देणाऱ्याच्या बाजूनेही बोलू, कारण त्याचे तर एका भागातले सगळेच कर्जदार एकदम अडचणीत आलेले असतात.

पहिलं काम: फेकू नका, चालू करू नका

फोटो आणि व्हिडिओ काढल्याशिवाय काहीही हलवायचं नाही. पाणी किती चढलं होतं ती भिंतीवरची रेघ, मशीनवरची नंबरप्लेट, मालाच्या खोक्यांवरची लेबलं, सगळं जवळून घ्या. माल सडायला लागला असेल आणि फेकावाच लागणार असेल तर विमा कंपनीला ईमेल किंवा मेसेज करून तसं कळवा, यादी करा, थोडा नमुना बाजूला ठेवा आणि मग फेका. भिजलेली मोटर किंवा मशीन "बघू तरी चालतंय का" म्हणून चालू करू नका, जे दुरुस्त झालं असतं तेही त्या एका बटणाने जळतं.

कागदांचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. भिजून चिकटलेल्या वह्या ओढून उघडायच्या नाहीत, पानं फाटतात. साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते, तेवढ्यात वाळवणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून चक्क फ्रीजरमध्ये ठेवा आणि नंतर सावकाश वाळवा. उधारीची वही वाचली तर येणं वाचलं, आणि अशा वेळी तेच सगळ्यात लवकर हातात येणारं भांडवल असतं.

विमा: कशामुळे नुकसान झालं हे कसं लिहिता ते बघा

पॉलिसीत कोणत्या कारणाला कव्हर आहे ते आधी वाचा. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर आगीचं नुकसान भरून मिळत होतं पण भूकंपाचं बहुतेक पॉलिसींत नव्हतं, अमेरिकेतल्याच २००५ च्या कॅटरिना वादळानंतर हेच भांडण "वाऱ्याने पडलं की पाण्याने" असं झालं. म्हणून क्लेम फॉर्मवर घाईत मोघम काहीतरी लिहू नका, जे आधी घडलं ते आधी, जे नंतर ते नंतर, खरं खरं लिहा.

दुसरं म्हणजे कमी रकमेचा विमा. माल १० लाखांचा, विमा ६ लाखांचा आणि नुकसान ५ लाखांचं, तर बऱ्याच पॉलिसींत ५ नाही, त्याच प्रमाणात म्हणजे ३ लाखच मिळतात. हा धक्का सर्व्हेअर (नुकसान मोजायला विमा कंपनी पाठवते तो माणूस) आल्यावर बसण्यापेक्षा आधीच हिशोब करून ठेवलेला बरा. आणि माल बँकेकडे तारण असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, क्लेमचा पैसा आधी तिकडे जाऊ शकतो, म्हणून तो कर्जात वळता होणार की धंद्यात परत येणार हे बँकेशी आधीच बोलून लेखी घ्या.

हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. लोक लाजेने जात नाहीत, फोन उचलत नाहीत, मग खातं थकीत होतं आणि तेव्हा मॅनेजरची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. हप्ते वेळेवर भरलेल्या खात्याला सवलत देणं सोपं, थकलेल्या खात्याला अवघड.

जाताना एक कागद न्या, एकच. डावीकडे पुढचे सहा महिने, समोर प्रत्येक महिन्यात येणारी रक्कम (विक्री, उधारीची वसुली, क्लेम), जाणारी रक्कम (भाडं, पगार, वीज, माल, हप्ते), आणि शेवटी काय उरतं किंवा कमी पडतं. विक्रीचा आकडा मुद्दाम कमी धरा. "साहेब, कायतरी बघा ना" यापेक्षा "चौथ्या महिन्यापासून अर्धा हप्ता झेपेल" हे ऐकून समोरच्याला पुढे पाठवायला काहीतरी मिळतं.

मागायचं काय, तर तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या लोक सारख्याच समजतात. हप्ते पुढे ढकलणं म्हणजे माफी नाही, व्याज चालूच राहतं. १० लाख बाकी आणि वर्षाला १२ टक्के व्याज असेल तर सहा महिन्यांत साधारण ६१ हजार वाढतात. कर्जाची फेररचना म्हणजे मुदत वाढवून हप्ता लहान करणं. आणि नवीन कर्ज ते वेगळंच. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खातं (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचं) असेल तर अजून एक गंमत (गंमत कसली म्हणा), उचल मालाच्या साठ्यावर ठरते, माल वाहून गेला की नेमकी गरज असताना मर्यादा खाली येते, म्हणून तात्पुरती वेगळी मर्यादा मागा. जे ठरेल ते लेखी, जामीनदाराला सांगून, आणि क्रेडिट रेकॉर्डवर काय जाणार हे विचारून.

नवीन कर्ज कधी घ्यायचं

गिऱ्हाईक आणि माल पुरवणारा दोघंही परत उभे राहिलेत का ते बघून. २००४ च्या सुनामीनंतर श्रीलंकेत छोट्या धंद्यांना लॉटरी पद्धतीने निवडून अनुदान देऊन अभ्यास झाला, त्यात किरकोळ दुकानं पैशामुळे लवकर सावरली, वस्तू बनवणाऱ्यांना मात्र तेवढा फायदा झाला नाही कारण त्यांची पुरवठ्याची साखळीच तुटली होती. म्हणजे तुम्ही दुकानदार असाल तर लवकर पैसा उपयोगी, कारखानदार असाल तर कच्चा माल येतोय का ते आधी. आणि "लगेच कर्ज, आधी फक्त फी भरा" म्हणणारे एजंट याच काळात उगवतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

जुन्या कर्जावर नवीन कर्ज हा सापळा फार मोठा आहे. २०११ च्या जपानच्या सुनामीनंतर लोक वाहून गेलेल्या मशीनचे हप्तेही भरत होते आणि नव्या मशीनचेही, शेवटी सरकारच्या पाठबळावर संस्था काढून बँकांकडून जुनी कर्जं विकत घ्यावी लागली. तशी सोय सगळीकडे नसते, म्हणून जुन्याचं काय करायचं ते ठरल्याशिवाय नव्यावर सही नको.

कर्ज देणाऱ्यांसाठी

पतसंस्था, छोटी बँक, मायक्रोफायनान्स, तुमच्याकडे ठेवीदार पैसे काढायला येतात आणि कर्जदार भरायला येत नाहीत, दोन्ही एकाच आठवड्यात. म्हणून रोकड आधी मोजा, मग सवलती जाहीर करा.

सगळ्यांना एकच सवलत देऊ नका. १९९८ च्या पुरात बांगलादेशचा मोठा भाग कित्येक आठवडे पाण्याखाली होता, तिथल्या गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या 'ग्रामीण बँक' या संस्थेने जुन्या कर्जावर नवीन कर्जं दिली, हप्ते जड झाले आणि बरेच कर्जदार यायचेच थांबले, त्यातून धडा घेऊन त्यांनी नंतर हप्ते लवचिक केले. त्यापेक्षा खाती तीन ढिगांत वेगळी करा: फक्त वेळ हवा असलेले, भांडवलही हवं असलेले, आणि ज्यांनी धंदा बंद करून कर्ज तडजोडीने मिटवणंच शहाणपणाचं आहे असे. तिसऱ्या ढिगाबद्दल कोणी बोलत नाही, पण त्यांना नवीन पैसा देणं म्हणजे मदत नव्हे.

वसुलीवाल्याऐवजी कर्ज मंजूर करणाऱ्या माणसाला दुकानात पाठवा, त्याला धंदा माहीत असतो. १९०६ च्या त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतरच्या आगीत बऱ्याच बँकांच्या तिजोऱ्या इतक्या तापल्या होत्या की उघडल्या तर आतल्या नोटा पेटतील म्हणून थांबावं लागलं, त्या वेळी जियानिनी नावाच्या बँकरने बंदराच्या धक्क्यावर पिंपांवर फळी टाकून, ओळखीच्या गिऱ्हाइकांना कर्ज वाटपच सुरू केलं. त्याच्या बँकेचीच पुढे बँक ऑफ अमेरिका झाली. माणसं कोण कशी आहेत ते त्याला माहीत होतं. आज तेवढं मोकळं वागता येत नाही, पण भेटीची नोंद, फोटो आणि कर्जदाराचा तो सहा महिन्यांचा कागद फाइलला लावला तर ऑडिटरला दाखवायला पुरेसा आधार होतो. आणि दर महिन्याला तो कागद परत काढून आकडे जुळतात का बघा, नाही जुळले तर तेव्हाच बोला, सवलत संपायची वाट बघू नका.