संख्याशास्त्राचा पेपर : आकडेमोड बरोबर, तरी गुण का जातात? या चुका टाळा

संख्याशास्त्राचे पेपर तपासताना एक गोष्ट सारखी खटकते. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तराभोवती चौकटही आखलेली. आणि खाली जे एक वाक्य लिहायचं असतं, तिथेच सगळं घसरतं. प्रगत अभ्यासक्रमातला प्रश्न 'किती आलं' यावर थांबत नाही, 'त्यातून काय कळलं' हेही विचारतो. तयारी मात्र बहुतेक मुलं गणिताच्या पेपरासारखीच करतात.

पी-व्हॅल्यूचं वाक्य

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. समजा, नाणं १०० वेळा उडवलं आणि ६० वेळा छापा पडला. नाणं छाप्याकडे झुकलेलं आहे का? पी-व्हॅल्यू, म्हणजे नाणं समतोल धरलं तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता, येते सुमारे ०.०२८. त्यावर मुलं लिहितात, "नाणं समतोल असण्याची शक्यता २.८ टक्के." हे चूक आहे. नाणं समतोल आहे असं धरूनच तर आपण हिशोब मांडला. जे धरून चाललो त्याचीच शक्यता त्या आकड्यातून कशी निघेल? बरोबर वाक्य असं : "नाणं समतोल असेल, तर १०० फेकींत ६० किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची संभाव्यता सुमारे ०.०२८ आहे." यातले 'असेल तर' आणि 'किंवा त्याहून जास्त' हे शब्द गाळू नका.

पी-व्हॅल्यू मोठी आली की "नल हायपोथेसिस (इथे 'नाणं समतोल आहे' हे सुरुवातीला धरलेलं गृहीतक) स्वीकारली" असं लिहायचा मोह होतो. २० फेकींत ११ छापे पडले म्हणून नाणं समतोल ठरत नाही. ५५ टक्के वेळा छापा देणारं नाणंही सरासरी तेवढेच छापे देईल. म्हणून "नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही" एवढंच लिहा.

कॉन्फिडन्स इंटरव्हल

सॅम्पलवरून सगळ्या लोकांमधल्या खऱ्या प्रमाणासाठी काढलेला अंदाजाचा पट्टा म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल. ४०० जणांच्या सॅम्पलमध्ये (निवडलेल्या गटात) २४० जण 'हो' म्हणाले, तर ९५ टक्क्यांचा इंटरव्हल साधारण ०.५५२ ते ०.६४८ येतो. "खरं प्रमाण यात असण्याची शक्यता ९५ टक्के" असं लिहू नका. ९५ टक्के हा पद्धतीचा गुण आहे : याच रीतीने पुन्हा पुन्हा सॅम्पल घेतले, तर तयार होणाऱ्या इंटरव्हलपैकी सुमारे ९५ टक्क्यांत खरं प्रमाण सापडेल. हातातल्या एका इंटरव्हलबद्दल "आम्हाला ९५ टक्के विश्वास आहे की सर्व लोकांमधलं 'हो' म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.५५२ ते ०.६४८ दरम्यान आहे" असं लिहा. 'सर्व लोकांमधलं' हा शब्द सुटला की वाक्य सॅम्पलबद्दलचं होतं, आणि सॅम्पलचं प्रमाण तर आपल्याला ठाऊकच आहे : ०.६.

आणि इंटरव्हलचं सूत्र वापरण्याआधी नुसतं "अटी पूर्ण होतात" लिहून पुढे जाऊ नका. 'हो' म्हणणारे २४० आणि उरलेले १६० हे दोन्ही आकडे १० पेक्षा मोठे आहेत, हे मांडून दाखवा. सॅम्पल रँडम आहे का, तेही प्रश्नातून शोधून लिहा.

"सॅम्पल मोठं आहे, म्हणून चांगलं"

अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ साली अध्यक्षीय निवडणुकीआधी पाहणी केली. वीस लाखांहून जास्त उत्तरं आली, अंदाज निघाला की दोन मुख्य उमेदवारांपैकी लँडन जिंकणार. प्रत्यक्षात दुसरे उमेदवार रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतली होती, आणि पाहणीची पत्रिका मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तरच दिलं नव्हतं. सॅम्पल वाढवल्याने इंटरव्हल अरुंद होतो. निवडीतला कल मात्र तसाच राहतो. उत्तरात नुसतं 'पक्षपात आहे' म्हणून भागत नाही. तो कल कोणत्या दिशेला आणि का, हे लिहाल तेव्हाच गुण मिळतील.

रँडम निवड आणि रँडम वाटणी यांचीही गल्लत होते. निवड रँडम असेल तर निष्कर्ष सगळ्या लोकांना लागू करता येतो. प्रयोगातली वाटणी, म्हणजे कोणाला कोणत्या गटात टाकायचं हे, रँडम असेल तर कार्यकारणभाव सांगता येतो.

छोट्या पण नेहमीच्या

प्रमाण विचलनांची (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापांची) बेरीज-वजाबाकी करू नका. एकाचं ३ आणि दुसऱ्याचं ४ असेल आणि दोन्ही चलं स्वतंत्र असतील, तर त्यांच्या फरकाचं प्रमाण विचलन ५ येतं. १ नाही, ७ही नाही. फरक काढतानाही विचरणं, म्हणजे प्रमाण विचलनांचे वर्ग, मिळवायचीच असतात. आणि परस्परवर्जक (एकाच वेळी न घडणाऱ्या) घटना, दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर, स्वतंत्र नसतात : एक घडली की दुसरी घडू शकत नाही, याहून मोठं अवलंबन कोणतं?

सरावातली चूक

मुलं धडा संपला की त्याच धड्याची गणितं सोडवतात. मग कोणती टेस्ट लावायची हे धड्याच्या नावावरूनच कळतं. पेपरात ते नाव नसतं. शेवटचे काही आठवडे सगळ्या धड्यांचे प्रश्न मिसळून घ्या आणि आकडेमोड न करता फक्त टेस्ट ओळखा. त्याच माणसाचं आधीचं आणि नंतरचं मोजमाप दिलं असेल, तर दोन सॅम्पलची टी-टेस्ट (दोन वेगळ्या गटांच्या सरासऱ्यांची तुलना) नव्हे, जोडीची टी-टेस्ट (प्रत्येकाच्या दोन मोजमापांतल्या फरकावरची). असे २० प्रश्न अर्ध्या तासात होतात. जिथे अडलात, तिथे प्रश्नातल्या कोणत्या शब्दाने चकवलं ते वहीत लिहून ठेवा.